अब्बाच्या बंडीतली गाठ

मी देऊळघाटचा, ताई, पिंजाऱ्याचा पोरगा. पुन्यात तुम्ही माहं कार्ड पाह्यलं, त्याच्यावर इंजिनियर लिहेल आहे, पन आमच्या गावात येऊन तुम्ही विचारसान का नासीर कुठं राह्यते, तर लोक म्हनतीन कोन नासीर, मंग डोकं खाजवतीन अन् म्हनतीन, हाव हाव, तो पुन्यावाला, मुश्ताकचा भाऊ. घ्या. मी मुश्ताकचा भाऊ! तो माहा भाऊ नाही, मी त्याचा. तुम्ही म्हनसान का जिंदगी सांग म्हटलं तर हा मानूस पहिल्याच दमात दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडून राह्यला. पन काय सांगू तुमाले, माही जिंदगी सांगाची म्हटली का पहिले मुश्ताकलेच सांगा लागते. घरी आम्ही आमची दखनी बोलतो, बाहेर वऱ्हाडी, अन् पुन्याच्या ऑफिसात तुमच्यासारखं तोंड आखडून. आज मोकळं बोलतो, तुम्ही हासाचं नाही.

अब्बाचं काम म्हनजे रुई पिंजाची अन् गाद्या, उशा, रजया भरून देयाच्या. तवा मशीन नव्हती, धुनकी होती, मानसापेक्षा लांब लाकूड अन् त्याले तानून बांधेल तात, म्हनजे आतड्याची दोरी. ती खांद्यावर टाकून अब्बा सायकलवर गावोगाव जाये, गावात शिरला का तातीवर ठोका मारे, तुंय तुंय, अन् बाया दारातून हाका मारत. मंग ज्याचं काम त्याच्याच आंगनात बसून रुई पिंजे. हिंदूचं घर असो का मुसलमानाचं, पोरीच्या लग्नातली गादी अब्बाच्याच हातची पाह्यजे असं होतं. आजबी आमच्या इकडं किती घरात त्या गाद्या असतीन, अब्बा गादी भरे तर ती बसत नसे.

मुश्ताक माहा आतेभाऊ. त्याचा बाप, माहा फुफा, वारला तवा फुफी, म्हनजे अब्बाची बहीन, त्याले घेऊन आमच्या घरी आली, ती अशी आली का मंग गेलीच नाही. मुश्ताक अन् मी एकाच वयाचे, एकाच ताटात जेवनारे. आता पिंजाऱ्याच्या घरी एक रीत आहे. पोरगं जरा समजदार झालं का त्याले डोळे मिटाले लावतेत अन् मुठभर रुई हातात देतेत, म्हनतेत, गाठी काढ. गादीत एक गाठ राह्यली ना ताई, तर ती जन्मभर त्या मानसाच्या पाठीले टोचते अन् तो जन्मभर पिंजाऱ्याले शिव्या देते. म्हनून पिंजाऱ्याच्या बोटाले गाठ खपत नाही. अब्बानं आमाले दोघाले एकाच दिवशी बसवलं. मुश्ताकनं समद्या गाठी काढल्या. म्याबी काढल्या, असं मले वाटलं, पन अब्बानं माही रुई हातात घेऊन चिवडली अन् त्यातून एक गाठ काढून दाखवली. हे पाह्य, राह्यली. अन् हासून अम्मीले म्हने, याच्या बोटाले डोळे नाहीत, याले शाळेत घाला.

अन् मी शाळेत गेलो, ताई. गाव म्हने नासीर नशीबवान, पिंजाऱ्यानं पोटचा पोरगा शिकवला अन् बहिनीचा कामाले लावला. लोकाईले काय माहीत? मले माहीत होतं का मी नापास होऊन शाळेत गेलो. पास तर मुश्ताक झाला.

तो सायकलच्या कॅरेजवर बसून अब्बासंग जाये. संध्याकाळी दोघं घरी येत तर भुवयीपासून पायापर्यंत रुई, दोन पांढरी भुतं, हासून राह्यलेली, कुठल्या गावात काय झालं, कोन्या बाईनं रजईत कोनाची जुनी लुगडी भराले लावली, त्याच्या गोष्टी. मी जवळ गेलो का अब्बा म्हने, दूर सरक बेटा, कपडे खराब होतीन. मले बेटा. अन् त्याले? काय बे मुश्ताक, डोळे फुटले काय बे, गाढवा, टाका कुठं चालला. वाकडा टाका पडला का पाठीत धपाटा. तुम्ही सांगा, मार खानाऱ्या पोरावर कोनी जळते का? मी जळत होतो. तो धपाट्याचा आवाज आला का माह्या पोटात दुखे. मले अब्बानं आयुष्यात बोट लावलं नाही, बे म्हटलं नाही. मंग अब्बानं गावात गाद्याचं दुकान टाकलं, सुट्टीच्या दिवशी मी तिथं गेलो तर खुर्ची पुसून दे, म्हने बस बेटा, अन् मुश्ताकले म्हने, जाय बे, नासीरसाठी चहा आन, चांगल्या कपात. पाहुन्यासारखं. आपल्याच घरात पाहुना होनं काय असते ते मले विचारा.

मंग बुलढान्याले कॉलेज लागलं. रोज एस.टी.नं जानं-येनं. संध्याकाळच्या गाडीतून उतरलो का आमच्या थांब्यावर चहाची टपरी आहे, तिथं अब्बा अन् मुश्ताक बाकावर चहा पिऊन राह्यलेले. मले पाहून अब्बा म्हने, आला का? चाल. अन् दोघं पुढं बोलत बोलत अन् मी मागं बॅग घेऊन. रोज. मी मनात म्हनत होतो, पाह्य या दोघाईची मजा, काम झालं का बाप-लेकासारखे चहा पितेत. मले कधी कोनी म्हटलं नाही का घे, तूबी एक कप घे.

बरं, आता माहं काम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हनसान त्यासाठी तर आली होती. कॉलेज झाल्यावर सुरुवातीले जालन्यात दुकानाईत कॅमेरे लावले, मंग पुन्याच्या कंपनीत लागलो. आमची कंपनी काय करते, तर कोन कुठं आहे ते त्याच घडीले दाखवते. मोबाईलमधला नकाशा तुमाले रस्त्यावर दाखवते, पन छताखाली गेलं का आंधळा होते. मंग आम्ही भिंतीवर, छताले छोट्या डब्या लावतो, अन् मानसाच्या गळ्यात, नाहीतर वस्तूले, एक टॅग. डब्या आपसात अंतर मोजतेत अन् स्क्रीनवर ठिपका दिसते. दवाखान्यात चाकाची खुर्ची हरवते तुमाले माहीत असन. सिस्टर वॉर्डबॉयले पाठवते खुर्ची पाहाले, मंग वॉर्डबॉयच सापडत नाही. आम्ही खुर्चीलेबी टॅग लावतो अन् वॉर्डबॉयलेबी.

डब्या लावनं सोपं आहे, खरं काम त्याच्या पुढं. टॅग हातात घेऊन पूर्ण इमारत पायी फिरा लागते. कोपऱ्याकोपऱ्यात उभं राहाचं अन् दुसऱ्यानं स्क्रीनवर पाहाचं का ठिपका बराबर तिथंच उभा आहे का. पत्रा अन् पानी हे आमचे दोन दुश्मन. पत्र्याचं शेड असलं का ठिपका उड्या मारते, मानूस मशीनवर असते अन् दाखवते बायकाईच्या संडासात. एका कारखान्यात असं झालं तर तो बिचारा सुपरवायझर, त्याच्या बायकोपर्यंत गोष्ट गेली. म्या दोन दिवस तिथं जास्त थांबून ते सरळ केलं, अन् त्याच्या घरी जाऊन सांगतलं का वहिनी, भाऊची काही चूक नाही, पत्र्याची आहे. असं काम. महाराष्ट्रभर मी लोकाईच्या इमारतीत चाललो, ताई, फक्त आपल्या घरात चालाले सवड भेटली नाही.

लोकाईले आमचा राग येते. गळ्यात टॅग घातला का म्हनतेत, ढोराच्या गळ्यात घंटा बांधली. एका ठिकानी कामगाराईनं काय करावं, समद्याईचे टॅग एका म्हाताऱ्याच्या खिशात टाकले अन् त्याले मशीनीजवळ स्टूलावर बसवलं, बाकीचे बाहेर तंबाखू मळत. स्क्रीनवर पाह्यलं तर पूर्ण पाळी एका स्टूलावर बसेल! मॅनेजर माह्यावर चिडला, मी हासत सुटलो.

पन एक हासन्यासारखं नव्हतं. एका सूतगिरनीत मॅनेजरनं बोलावलं, म्हने सिस्टीम बिघडली, दोन ठिपके एकमेकाईवर चिकटून बसले, हालतेत तर संगंच हालतेत. म्या जाऊन पाह्यलं. दोन कामगार होते, पिकलेल्या केसाचे, एकाच खात्यात उमर गेलेली. एक पुढं जाये, दुसरा मागं. जेवाले बसले तर एकाच डब्यात. बिघाड काहीच नव्हता. मॅनेजरले म्या लिहून देलं का सिस्टीम बराबर आहे, अन् बाहेर येऊन उभा राह्यलो तर मले असा जळफळाट झाला का काय सांगू. मले वाटलं, अब्बा अन् मुश्ताकच्या गळ्यात टॅग घातले असते तर जन्मभर असेच दिसले असते, दोन ठिपके एकाच्या अंगावर एक. अन् तिसरा ठिपका नकाशाच्या बाहेर कुठंतरी, पुन्याले. माही बायको शबाना म्हनते, तुम्ही नमाजीले बसले तरी तुमच्या कपाळावर मुश्ताकभाईचं नाव दिसते.

दोनेक वर्षाखाली अब्बाची याद जायाले लागली. मुश्ताकचा फोन आला, म्हने अब्बा दुकानातून उठते अन् निंघून जाते, एकदा नदीकडच्या रस्त्यावर सापडला, भरधाव ट्रक जातेत तिथून. ताई, खोटं काऊन बोलू, मले भीती वाटली, अन् तिच्यामागून एक गोष्ट वाटली का आता माही पाळी. आता पाहू मुश्ताकच्या बोटाले डोळे आहेत का माह्या नकाशाले. म्या एक टॅग आनला, काडीपेटीएवढा, त्यात सिमकार्ड, अब्बा कुठंबी जावो, माह्या मोबाईलवर ठिपका दिसला पाह्यजे. गळ्यात घातला तर अब्बानं काढून फेकला, म्हने मी ढोर आहो काय. मनगटाले बांधला तर कुरतडला. मुश्ताक लांबून पाहून राह्यला होता. म्हने, दे इकडं. त्यानं अब्बासाठी रुईची बंडी शिवली, जाड, उबदार, अन् टॅग त्यात काखेखाली असा बसवला, चारी बाजूनं रुई देऊन, का माह्या बोटालेबी लागत नव्हता. वरून चोरखिसा. शुक्रवारी अब्बा आंघोळीले गेला का मुश्ताक तो काढून चार्जिंगले लावे. झालं. टॅग माहा अन् टाका मुश्ताकचा. गाव काय म्हने? मुश्ताकनं बुढ्यासाठी काय बंडी शिवली!

पूर्ण हिवाळा ती बंडी चालली. मी पुन्यात बसून ठिपका पाहे. सकाळी दुकान, दुपारी मशीद, अन् संध्याकाळ होयाले आली का ठिपका थांब्यावर. तिथं लय वेळ. मंग घरी. रोजच. मले वाटे, बसले असतीन दोघं चहा पीत, जुनंच चालू आहे त्यायचं. फोनवर म्या एकदाबी विचारलं नाही का तिथं काय करतेत. कायले विचारू? उत्तर आयकून पुन्हा पोटात दुखालेच ना. मुश्ताकबी एवढंच म्हने, बुढा टपरीवर जाऊन बसते, मी गाडीवर टाकून घेऊन येतो, दुकान उघडं राह्यते माहं.

उन्हाळ्याच्या तोंडाले मी सुट्टी काढून घरी गेलो. मुश्ताकले वडनेर भोलजीले एका लग्नाच्या गाद्या भराले जानं होतं. तो म्हने, आज अब्बाले तू पाह्य. म्या म्हटलं, जाय तू, मी आहो. मनात म्हटलं, आता दाखवतो. अब्बा आतल्या खोलीत, मी वसरीत लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम करून राह्यलो, बाजूले मोबाईल, ठिपका घरात. काळजीच नाही. असा आरामात बसेल होतो का मधात शबानाले फोनबी केला, म्हटलं पाह्य, याले म्हनतेत टेक्नॉलॉजी. मंग चहाची वेळ झाली तर हाक मारली, अब्बा, चहा. उत्तर नाही. आत गेलो तर खोली रिकामी. मागचं दार उघडं. मोबाईलवर पाह्यतो तर ठिपका अजून घरातच.

अब्बाच्या खाटेखाली एक टोपली राह्यते. पिंजता पिंजता निंघालेल्या सरक्या, गाठी, कचरा त्यात टाकाचा, उमरभराची सवय. टॅग त्या टोपलीत होता. रुई वापरून वापरून बसली असन, अन् गाठ वर आली. अब्बाले स्वतःच्या पोराचं नाव राहत नाही ध्यानात, पन बोटाले गाठ लागली, अन् बोटानं आपलं काम केलं. टाके असे एकेक उसवेल का कपड्याले ओरखडा नाही. जगातले लोक टॅग फेकतेत, तोडतेत, लपवतेत, आमच्या अब्बानं तो पिंजून काढला.

नदीकडचा रस्ता डोळ्यापुढं आला. मुश्ताकले फोन लावाले मोबाईल उचलला, अन् बोट थांबलं. त्याही घडीले, ताई. म्या म्हटलं, मुश्ताकले विचारून नाही, मीच शोधीन. मंग हिवाळ्याचा नकाशा उघडला, जुने दिवस, अन् समद्या रेघा संध्याकाळी एकाच जागी जाऊन थांबल्या होत्या. चप्पल पायात घातली का नाही ते माहीत नाही, थांब्याकडं पळालो.

अब्बा बाकावर बसेल होता. बंडीची काख उसवेल, त्यातून रुई बाहेर आलेली. चहाबिहा काही नाही, नजर बुलढान्याच्या रस्त्याकडं. मी समोर जाऊन उभा राह्यलो, धाप लागेल. अब्बानं मान वर केली अन् म्हने, काय बे, लय वेळ लावला.

काय बे. मले. पन्नाशीकडं चाललो मी, अन् त्या एका शब्दासाठी कुठं कुठं जळलो ते तुमाले सांगून झालं. मंग अब्बा म्हने, बस बे मुश्ताक, उभा काऊन राह्यला, नासीरची गाडी येऊनच राह्यली.

ऑफिसात कोनी नासीरचं नसीम केलं तर मी भांडतो. तिथं म्या म्हटलं नाही का अब्बा, मीच नासीर. मुश्ताक नेते तसं उठवून घरीबी नेलं नाही. बसलो. म्हटलं, बे म्हटलं आहे तर जरा मुश्ताक होऊन पाहू. अब्बानं माहा हात हातात घेतला, बोटं चाचपली, म्हने, हात नरम काऊन झाले बे, काम करत नाही काय? म्या म्हटलं, करतो अब्बा. मंग म्हने, चहा सांग, लवकर सांग, गाडी येयाच्या आत कप हातात पाह्यजे. म्या म्हटलं, काऊन? अब्बा चिडला, म्हने, रोज रोज काय सांगू तुले? पोराले समजलं का बाप रस्त्यावर येऊन वाट पाह्यते, तर त्याचं तिकडं पुस्तकात मन लागन काय? आपन चहाच पिऊन राह्यलो, समजलं?

चहा आला. आम्ही दोघं कप घेऊन बसलो. गाडी आली, लोक उतरले, अब्बानं एकेकाचं तोंड पाह्यलं, शेवटचा उतरेपर्यंत पाह्यलं. माह्या तोंडाकडं नाही पाह्यलं, मी तर मुश्ताक होतो. गाडी गेली. म्हने, अभ्यास असन. उद्या येईन तो.

घरी चाललो तर माह्या खांद्यावर अब्बाचा हात. अर्ध्या वाटेत थांबला अन् म्हने, मुश्ताक, एक गोष्ट आहे, नासीरले सांगू नको. म्या म्हटलं, नाही सांगत. अब्बा म्हने, त्या दिवशी नासीरनं समद्या गाठी काढल्या होत्या. एकबी राह्यली नव्हती. ती गाठ माह्या बोटात होती, म्या दाबून ठेवेल होती, तीच काढून दाखवली. माह्या बापाची छाती याच धुळीनं गेली, खोकून खोकून. पोटच्या पोराले ती धूळ देयाची माही हिंमत नाही झाली. तुले देली. तू बहिनीचा पोरगा होता, तुले देली. लय जुलूम केला बे तुह्यावर. माफ करशीन का?

ज्याले विचारलं तो वडनेरले गाद्या भरून राह्यला होता, नाकातोंडात रुई घेऊन. मी कोन माफ करनारा? म्या म्हटलं, अब्बा, घरी गेल्यावर सांगतो.

मुश्ताक आला तवा दिवे लागले होते. त्यानं बंडी पाह्यली, अन् सुई-दोरा घेऊन बसला. मले वाटलं, नको सांगू. खरं सांगतो, एक घडीभर वाटलं, ही एक गोष्ट तरी माह्याजवळ राहू दे, याच्याजवळ अब्बाचं समदं आहे. मंग तो खोकला. त्याचा खोकला तर मी कित्येक वर्षांपासून फोनवर आयकत होतो, पन आयकला तो त्या दिवशी. म्या सांगून टाकलं, जसं अब्बा बोलला तसंच, शब्द न गाळता.

मुश्ताक सुईत दोरा ओवून राह्यला होता, दोरा काही जाईना. मंग म्हने, लहानपनी माह्या धपाट्याकडं तू कसा पाहे, मले दिसत नव्हतं काय? तुह्या खुर्चीवर मी कधी बसलो नाही, त्या चांगल्या कपात मी कधी चहा पेलो नाही, मी काही बोललो? अन् आता माही माफीबी तूच घेऊन आला.

असा मानूस आहे तो. जळन्यातबी माह्यापेक्षा मोठा निंघाला, अन् कोनाले धूरबी दिसू देला नाही. मंग उठला, अब्बाच्या पायाजवळ जाऊन बसला अन् म्हने, अब्बा, माफ केलं. अब्बानं त्याच्याकडं पाह्यलं, म्हने, कायचं बे? सुई नीट धर, टाका वाकडा चालला.

आता मुश्ताकची छाती बुलढान्याच्या डॉक्टरले दाखवली, दवा चालू आहे, पिंजाची मशीन बाहेरच्या शेडमधे नेली, तोंडाले कपडा बांध म्हटलं तर बांधते कधी, कधी नाही. टॅग आता अब्बाच्या काठीत आहे, मुठीजवळ कोरून बसवला. लाकडाले गाठ असतेच, तिथं अब्बाची बोटं काही बोलत नाहीत. ही अक्कल माही आहे, मुश्ताकची नाही, तेवढं लिहून घ्या.

महिन्या-दोन महिन्यानं मी जातो. पहिले कार घेऊन जात होतो, आता कार बुलढान्याले ठेवतो अन् त्या संध्याकाळच्या गाडीनं उतरतो, वाटते का एखाद्या दिवशी अब्बा मले ओळखीन. अब्बा बाकावर असते, हातात कप. मी उतरतो, समोर जातो, तर म्हनते, काय बे मुश्ताक, तू कुठून आला, गाडीत नासीर दिसला काय? घरात गेलो तर तिथं एक मुश्ताक पहिलेच बसेल. दोन मुश्ताक झाले घरात, अन् नासीर अजून येयाचा आहे.

मुश्ताकवरचा माहा जळफळाट पहिल्याइतका नाही राह्यला. आता मले त्या नासीरचा होते. काय केलं असन ताई त्यानं, का एक बुढा त्याच्यासाठी उन्हातान्हात रस्त्यावर बसते, अन् वरून चहा पेल्याचं नाटक करते? पन दुआ मागतो तर त्याच्याचसाठी मागतो. अल्ला करो, त्याचा अभ्यास लय वाढो, त्याची गाडी रोज चुको. तो जोवर येत नाही, तोवर अब्बा त्या बाकावरून कायमचा उठनार नाही.